गुरं घरी आली, माणूस आलं नाही : चकवा, गिऱ्हा आणि पहिला तास

दिवे लागायची वेळ. गुरं आपली आपण वाड्यात आली, पण गुरांमागे गेलेली बाई आली नाही. किंवा फाट्याला गेलेल्या चौघी परत आल्या, पाचवी मागे राहिली. किंवा दुपारी पडवीत बसलेले आजोबा संध्याकाळी तिथे नाहीत, चपला मात्र तिथेच. आपल्यातल्या बऱ्याच जणींनी आपल्या वाडीत, नाहीतर शेजारच्या गावात, हे कधी ना कधी पाहिलेलं आहे.

मग खळ्यात माणसं जमतात आणि बोलणी सुरू होतात. एक म्हणतो, "चकवा लागला असणार." दुसरा म्हणतो, "त्या पऱ्यावर गिऱ्हा आहे, मागे पण एकाला नेलेलं." तिसरा म्हणतो, "वाघरानं ओढली असेल." आणि बाई तरणी असेल तर कुणीतरी हळूच म्हणतं, "गेली असेल कुणाबरोबर. उगाच बोभाटा कशाला करता?"

हे सगळे अंदाज आहेत. या अंकात आपण हे अंदाज एकेक करून तपासून बघू. कुणाच्या श्रद्धेची थट्टा करायची म्हणून नाही. खळ्यात जो अंदाज पक्का होतो, त्याच्यावरच पुढचा शोध ठरतो. शोधायला माणसं निघणार की घरी बसणार, पोलिसांना फोन आत्ता जाणार की उद्या, हे त्या बोलण्यात ठरून जातं. आणि हरवलेल्या माणसासाठी पहिले काही तास फार मोलाचे असतात.

चकवा म्हणजे काय?

आपल्याकडे सांगतात ते असं. माणूस ओळखीच्या वाटेनं चाललेला असतो. चालता चालता वाट अनोळखी वाटायला लागते. तो चालतच राहतो आणि तासाभरानं बघतो तर पुन्हा त्याच झाडाखाली, त्याच गडग्यापाशी! पुन्हा निघतो, पुन्हा तिथेच. अगदी फिरून फिरून भोपळे चौकात. सकाळी उजाडल्यावर कळतं की घर हाकेच्या अंतरावर होतं.

या गोष्टी आजच्या नाहीत. शंभर वर्षांपूर्वी ए. एम. टी. जॅक्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं शाळामास्तरांकडून कोकणातल्या लोकसमजुतींची माहिती जमवली होती. पुढे आर. ई. एन्थोव्हेन यांनी १९१५ साली तिचं पुस्तक केलं. त्यात आपले वेताळ, देवचार, मुंजा, खवीस, जखीण, हडळ सगळे आहेत. आणि गिऱ्हाही आहे : पाण्यात राहणारा, रात्री हाका मारून माणसाला भलत्या वाटेला लावणारा. म्हणजे आपले पणजोबा जे सांगत होते तेच आपण आज सांगतो आहोत.

इतकी वर्षं इतकी माणसं एकच अनुभव सांगतात, तर तो अनुभव खोटा म्हणता येणार नाही. माणूस खरंच गोल फिरतो. प्रश्न एवढाच की त्याला फिरवतं कोण?

माणसाचे पाय सरळ जात नाहीत

याचा शोध जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी घेतला आणि २००९ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी काही माणसांना मोठ्या जंगलात सोडलं आणि सांगितलं, सरळ चालत राहा. काहींना आफ्रिकेतल्या सहाराच्या वाळवंटात चालायला लावलं. प्रत्येकाची वाट यंत्रावर नोंदवली.

ज्यांना सूर्य दिसत होता ते बऱ्यापैकी सरळ गेले. ज्यांच्यावर मळभ होतं ते गोल फिरले आणि आपलीच आधीची वाट ओलांडून गेले, तरी त्यांना पत्ता नव्हता. वाळवंटात रात्री चंद्र ढगाआड गेल्यावर चालणाऱ्याची वाटही अशीच वळली. डोळ्यांना पट्टी बांधून चालवलं तेव्हा काही जण अवघ्या वीस मीटर रुंदीच्या वर्तुळात फिरत राहिले. आणि "आम्ही सरळच चाललो होतो" असं त्यांना वाटत होतं.

म्हणजे लांबची खूण दिसेनाशी झाली की सरळ कुठे जायचं याचा आपला अंदाज हळूहळू चुकत जातो. प्रत्येक पावलाला थोडी चूक, आणि चुकांवर चुका साठून वर्तुळ. यात भुताचा हात नाही. हे तुमच्या माझ्या सगळ्यांच्या अंगात आहे.

आता आपला मुलूख डोळ्यांपुढे आणा. जांभ्याचा सडा, मैलभर सपाट, सगळीकडे एकसारखा कातळ. पावसाळ्यात त्यावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही. खाली रान दाट, करवंदीच्या जाळ्या डोक्याएवढ्या, आणि गुरांच्या पायवाटा दर पावसाळ्यात बदलणाऱ्या. घाटाखालच्या गावांत तर दिवसही लवकर मावळतो. चकवा लागायला याहून चांगली जागा कुठे मिळायची?

त्यात भीतीची भर पडते. वाट चुकली असं कळलं की छाती धडधडायला लागते आणि माणूस भराभरा चालतो, धावतो. धावताना खुणा बघत नाही. तहान, भूक, थकवा यांनी डोकं आणखी चालेनासं होतं. मग वाऱ्याचा आवाज हाक वाटतो आणि पाण्याचा आवाज बोलणं वाटतं.

जुन्या माणसांचा उपाय बरोबर होता

चकव्यावर आपल्या म्हाताऱ्यांनी उपाय काय सांगितला होता, आठवतं? खाली बस. पान खा, नाहीतर विडी ओढ. कुणी सांगत, अंगातला कपडा उलटा करून घाल. कुणी सांगत, कोंबडा आरवेपर्यंत जागचा हलू नकोस.

जगभरात हरवलेल्या माणसांचा शोध घेणारे लोक आज हेच शिकवतात : वाट चुकली की थांबा. पान खायला किंवा कपडा उलटा करायला चार मिनिटं लागतात. तेवढ्यात छातीची धडधड कमी होते आणि डोकं ताळ्यावर येतं. कोंबडा आरवला म्हणजे उजाडलं, आणि वाडी कुठल्या अंगाला आहे तेही कळलं. आजीचं कारण वेगळं होतं, पण उपाय सोळा आणे खरा होता.

तेव्हा कधी वाट चुकलीत तर एवढं करा :

- आहात तिथे बसा, पाणी प्या, दहा मिनिटं काही ठरवू नका.
- कान द्या. एसटीचा हॉर्न, कुत्र्याचं भुंकणं, देवळातली घंटा, मशिदीतली बांग, गिरणीचा आवाज. आवाज कुठून येतो ते दोन-तीनदा ताडून मगच निघा.
- आल्या वाटेनं मागे जाता येत असेल तर खात्रीच्या खुणेपर्यंत मागे जा. पुढे दामटू नका.
- विजेचे खांब दिसले तर तारेच्या अंगाअंगानं चाला. तार वस्तीला जातेच. तुटून लोंबणाऱ्या तारेपासून मात्र लांब राहा.
- घाटाकडच्या रानात पऱ्या धरून खाली उतरू नका. पाणी कड्यावरून उडी मारतं, आपल्याला मारता येत नाही.
- अंधार पडला तर रात्रीचं चालू नका. झाडाला, दगडाला पाठ लावून बसा. थोड्या थोड्या वेळानं तीन हाका द्या, नाहीतर तीन शिट्ट्या.
- मोबाईलला रेंज येत असेल तर ११२ लावा. रेंज नसेल तर फोन सारखा चालू-बंद करून बॅटरी संपवू नका.

मग काही माणसं सापडतच नाहीत ती का?

हा खरा कठीण प्रश्न. सगळं रान पालथं घातलं, तरी माणूस मिळत नाही. तिथेच गिऱ्ह्याची गोष्ट सुरू होते.

अमेरिकेत तर यावर पुस्तकांची रांगच आहे. डेव्हिड पॉलिडीस नावाच्या माजी पोलिसानं तिथल्या जंगलांत बेपत्ता झालेल्या माणसांच्या कहाण्या जमवल्या आणि यात काहीतरी गूढ आहे असं सुचवलं : माणसं पाण्याजवळ, मोठ्या खडकांजवळ, खराब हवेत नाहीशी होतात, काहींचे कपडे काढून ठेवलेले मिळतात. दुसऱ्यांनी त्याच कहाण्या आकडेमोड करून तपासल्या, तर त्यांना त्यात गूढ काही आढळलं नाही. खराब हवेत, पाण्याजवळ, खडकाळ जागी माणसं जास्त हरवणारच. कपड्यांचं कारण डॉक्टरांना ठाऊक आहे : थंडीनं शरीर अगदी गारठलं की शेवटी माणसाला उलट गरम होतंय असं वाटतं आणि तो कपडे काढून टाकतो.

आपल्याकडची कारणंही अशीच साधी आहेत. ती एकदा नीट ओळखून ठेवा.

पाणी. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात माणूस नाहीसा होण्याचं हे पहिलं कारण धरा. पऱ्याचं पाणी घटकेत चढतं. साकवावरून पाय घसरला की माणूस डोहात, डोहातून नदीत, नदीतून खाडीत. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवा. महाडला सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि जयगडहून आणि राजापुरातून मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी गाड्या अंधारात गडप झाल्या. नौदलाचे पाणबुडे आले, तरी एवढ्या मोठ्या गाड्या हाताला लागायला आठवड्याहून जास्त वेळ गेला, आणि त्या होत्या पुलापासून काहीशे मीटरवरच. काही मृतदेह मात्र कित्येक किलोमीटर लांब, खाडीत आणि समुद्राच्या बाजूला मिळाले. अख्खी एसटी जर पाणी असं लपवू शकतं, तर एका माणसाची काय कथा? आपल्याच चिपळूण तालुक्यात २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटलं आणि भेंदवाडीतली घरं वाहून गेली. तिथेही माणसांचा शोध नदीच्या अंगानं लांबपर्यंत घ्यावा लागला. जिथे पाणी असतं तिथे गिऱ्हा राहतो असं म्हणायचं मूळ बहुतेक इथेच आहे.

विहीर आणि चिरेखाण. कठडा नसलेली विहीर, गवतानं झाकलेली विहीर, आणि चिरे काढून सोडून दिलेल्या खाणी. पावसात खाण भरली की ती तळ्यासारखी दिसते, पण काठ उभा कापलेला असतो. एकदा आत गेलं की हाताला धरायला काही नाही.

खाडी. मुळे-कालवं काढायला गेलेल्या बायका भरतीत अडकतात, चिखलात पाय रुततो. भरती-ओहोटीची वेळ चुकली की मदतीला वेळच राहत नाही.

म्हातारपणची विसर. याला डॉक्टर स्मृतिभ्रंश म्हणतात. असं म्हातारं माणूस "घरी जातो" म्हणून घरातूनच निघतं. त्याला जायचं असतं ते पन्नास वर्षांपूर्वीच्या घरी, माहेरी, विकून टाकलेल्या शेतावर. ते पुढे पुढे चालत जातं आणि काट्यात, चरात, कुंपणात अडकलं की तिथेच राहतं. नावानं हाका मारल्या तरी ओ देत नाही. म्हणून माणसं दहा पावलांवरून निघून जातात आणि म्हणतात, "तिकडे बघितलं, नाही कुणी."

लहान पोर. हरवलेलं मूल घाबरून लपतं. ओरडा बसेल म्हणून, किंवा अनोळखी माणसं बॅटऱ्या घेऊन ओरडत येतात म्हणून. आईच्या आवाजात, घरच्या लाडाच्या नावानं हाक मारली तर ते बाहेर येण्याची शक्यता जास्त.

अंगातलं दुखणं. साखरेची गोळी घेतली, जेवण राहिलं, आणि रानात साखर उतरली की माणूस दारू प्यायल्यासारखा भ्रमतो. ऊन लागणं, फीट येणं, साप चावणं, आणि खरोखरची दारू, ही कारणंही याच यादीत.

वीजतार आणि फास. रानडुकरासाठी चोरून लावलेल्या तारेचा झटका लागला तर लावणारा घाबरून गप्प बसतो. रात्री शोधायला जाणाऱ्यांनीही याचं भान ठेवायचं.

बिबट्या. त्याचं नाव लगेच घेतलं जातं. पण बिबट्यानं हल्ला केला तर रक्त, फरपटल्याची खूण, फाटलेला कपडा असं काहीतरी मागे राहतं. काहीच खूण नसेल तर आधी पाणी आणि विहिरी बघा. खूण दिसली तर ती पुसू न देता वनखात्याला १९२६ वर कळवा.

"गेली असेल कुणाबरोबर"

मैत्रिणींनो, सगळ्या अंदाजांत हा सर्वांत घातक. चकवा लागला म्हटलं तर निदान चार माणसं कंदील घेऊन निघतात. "पळून गेली" म्हटलं की कुणीच निघत नाही. घराची अब्रू जाईल म्हणून तक्रार होत नाही. आणि ती बाई त्या वेळी पाय मोडून खाणीच्या काठाला पडलेली असू शकते.

समजा ती खरोखर आपणहून गेली. तरी शोध घ्यायलाच हवा. मारहाणीला कंटाळून गेली असेल, कर्जाच्या तगाद्यानं गेली असेल, जीव द्यायच्या विचारानं गेली असेल, नोकरी देतो म्हणून कुणी फसवून नेली असेल. यातल्या कुठल्याही गोष्टीत तिला मदतीचीच गरज आहे.

अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईला पोलिसांनी शोधून काढलं तर ते तिचा जबाब घेतात. तिला घरी जायचं नसेल तर जबरदस्तीनं घरी पाठवता येत नाही. म्हणजे तक्रार केल्यानं तिचं वाईट होत नाही. ती जिवंत आणि सुखरूप आहे एवढं तरी कळतं. महिलांसाठी १८१ आणि मनाचा भार असह्य झाला तर बोलायला १४४१६, हे दोन नंबर प्रत्येकीला तोंडपाठ हवेत.

गाऱ्हाणं घाला, पण शोध थांबवू नका

माणूस हरवलं की घरातल्यांना देवाची आठवण येणारच. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालावंसं वाटलं तर जरूर घाला. पण गाऱ्हाणं घालायला एक माणूस पुरे. बाकीच्यांनी बॅटऱ्या घेऊन बाहेर पडायचं. आणि दोन्हीच्या आधी फोन.

खरी अडचण देवऋषाकडे गेल्यावर होते. "उगवतीला आहे, तीन दिवसांनी येईल" असं त्यानं सांगितलं की सगळी माणसं उगवतीला जातात, नाहीतर तीन दिवस वाट बघत बसतात. माणूस मावळतीच्या विहिरीत असतो.

आणि एखाद्यानं "अमकीनं करणी केली, म्हणून पोर गेलं" असं बोट दाखवलं, तर ते नुसतं चुकीचं नाही, तो गुन्हा आहे. बहुतेक वेळा हे बोट एकट्या राहणाऱ्या विधवेकडे, म्हातारीकडे जातं. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. असं बोट दाखवलं गेलं तर आपल्या गटानं त्या बाईच्या बाजूनं उभं राहायचं.

पहिल्या तासात काय करायचं

१. शेवटचं कुणी, कुठे, किती वाजता पाहिलं ते विचारा आणि कागदावर लिहा. अंगावरचे कपडे, चपला, हातात काय होतं, काही आजार, गोळ्या, घरात भांडण झालं होतं का, तेही लिहा.

२. पोलीस पाटलांना सांगा आणि ११२ लावा. "अजून थोडा वेळ बघू" म्हणू नका.

३. शेवटच्या जागेवर गर्दी करू नका. पावलांचे ठसे, पडलेला विळा, टोपली, आहे तिथे राहू द्या. कुत्रा आणायची वेळ आली तर याचा उपयोग होतो.

४. आधी घर आणि आजूबाजूला बघा. माळा, गोठा, मांगर, संडास, गवताच्या उडव्यामागे. मग वाडीतली प्रत्येक विहीर. मग पऱ्या, डोह, खाण. मग वाटा आणि बागा. रान शेवटी.

५. तिघा-तिघांचे गट करा. कुठला गट कुठे गेला ते एका बाईनं घरी बसून लिहायचं. तिनं जागा सोडायची नाही. हरवलेलं माणूस परत येतं ते घरीच.

६. हाक मारली की पूर्ण एक मिनिट गप्प राहून ऐका. सगळेच ओरडत राहिले तर दुबळी ओ ऐकू येत नाही.

७. जाळीत, चरात वाकून बॅटरी मारा. म्हातारं माणूस आणि पोर ओ देणार नाही असंच धरून चाला.

८. हरवलेल्याच्या मोबाईलवर सगळ्यांनी मिळून सारखे फोन करू नका, बॅटरी संपते. एकीनंच करायचे. फोन शेवटी कुठल्या टॉवरला होता ते पोलीस काढू शकतात.

९. कुणी विहिरीत, डोहात दिसलं तर पोहता येत असलं तरी एकदम उडी टाकू नका. दोर, बांबू, रिकामा कॅन टाका. एकाच्या जागी दोन जीव जायला नकोत.

पोलीस ठाण्यात

"चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत" हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. असा कुठलाही कायदा नाही. माणूस हरवल्याची तक्रार त्याच क्षणी देता येते.

हरवलेलं मूल अठराच्या आतलं असेल, मुलगा असो की मुलगी, तर नुसती नोंद पुरत नाही. लगेच गुन्हा दाखल झाला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं १० मे २०१३ रोजी तसा आदेश दिलेला आहे. सतरा वर्षांची मुलगी "पळून गेली" असं कुणी म्हणालं, तरी कायद्यानं ती बालकच. मुलांसाठी १०९८ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो.

मोठ्या माणसाची "मिसिंग" म्हणून नोंद होते. तिचा नंबर आणि प्रत मागून घ्या. अलीकडचा फोटो द्या, लग्नातला मेकअप केलेला नको. अंगावरची खूण सांगा : गोंदण, जुनी जखम, तुटका दात. घातपाताचा संशय असेल तर तो स्पष्ट लिहून द्या. घडलेली जागा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत आहे म्हणून गुन्ह्याची तक्रार नाकारता येत नाही. जवळच्या ठाण्यानं ती घेऊन पुढे पाठवायची असते. कुणी ऐकतच नसेल तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

एकट्या बाईला ठाण्यात जायला भीती वाटते. गटातल्या दोघींनी तिच्याबरोबर जायचं. आपला गट नुसता हप्ता भरायला नाही.

आणि माणूस आलंच नाही तर?

हे लिहायला जड जातं, पण लिहायला हवं. नवरा बेपत्ता झाला की बाई ना सधवा ना विधवा अशी अडकते. बँकेतले पैसे, विमा, सातबारा, सगळीकडे मृत्यूचा दाखला मागतात.

कायदा असा आहे : ज्यांना एरवी त्या माणसाची खबर लागली असती, त्यांना सात वर्षं काहीच खबर लागली नाही, तर तो मृत आहे असं धरता येतं. पूर्वी हे १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १०८ होतं. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १११ आहे. त्यासाठी न्यायालयात जावं लागतं, आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून बायकांना वकील मोफत मिळतो.

न्यायालय पहिल्यांदा विचारतं : तक्रार कधी दिलीत? लाजेनं, भीतीनं, "येईल परत" म्हणून तक्रारच दिली नसेल, तर सात वर्षांनी हातात कागद नसतो. म्हणून पहिल्या दिवशीची ती एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून गटाच्या पासबुकाइतकी जपून ठेवा.

पुढच्या बैठकीत एवढं करू

वसुली झाल्यावर अर्धा तास काढा. नोंदवहीच्या शेवटच्या पानावर ११२, १०९८, १८१, १९२६, पोलीस पाटील, ठाणे आणि गावातल्या चांगल्या पोहणाऱ्यांचे नंबर लिहा. वाडीतल्या बिनकठड्याच्या विहिरी आणि सोडलेल्या चिरेखाणी मोजा आणि त्यांना कठडा-कुंपण करण्याचा विषय ग्रामसभेत लेखी द्या. ज्या घरात विसरभोळं म्हातारं माणूस आहे तिथे त्याच्या सदऱ्याच्या, लुगड्याच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवून द्या, आणि शेजारणींना सांगून ठेवा. विसर पडणं ही लपवायची गोष्ट नाही. रानात जाताना दोघी मिळून जायचं, कुठे जातो आणि कधी येणार ते घरी सांगायचं, आणि गळ्यात दहा रुपयांची शिट्टी अडकवायची.

आणि एक ठराव सगळ्यांनी मिळून करू. यापुढे आपल्या वाडीत कुणी घरी आलं नाही, तर खळ्यात उभं राहून "काय झालं असेल" यावर बोलत बसायचं नाही. ते माणूस सापडल्यावर बोलू. आधी फोन, मग बॅटरी, मग विहीर. चकवा असला तरी तो सकाळी सोडतो. उशीर मात्र कुणाला सोडत नाही.